‘कर्नाळ्यात’ हरवलेला ‘कर्नाळा’

समजा पनवेलच्या एका शाळेतील मुलांनी दहा वर्षे कर्नाळा पक्षी अभयारण्यातील सहलींच्या नोंदी लिहून ठेवल्या आहेत. ‘स्वर्गीय नर्तक’ हा पक्षी जून महिन्यात कधी दिसला होता, असे कोणी विचारले, तर? सगळ्या वह्या चाळायच्या म्हणजे अख्खी दुपार गेली!

जाड ग्रंथांच्या शेवटी यासाठीच शब्दसूची असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारतातील श्लोकांच्या चरणांची सूची काढली, ती १९६७ ते १९७२ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाली. एका ग्रंथाची नुसती सूची, आणि तीही सहा खंडांची!

संगणकाची शोधक आज्ञावली हेच काम करते. नोंद आली की ती शब्द सुटे करते आणि प्रत्येक शब्दापुढे नोंदीचा क्रमांक मांडते. ‘नर्तक’पुढे ३, १७, ४२ आणि ‘जून’पुढे ९, १७, ४२ असतील, तर उत्तर १७ आणि ४२. एकही वही उघडावी लागली नाही. कोणत्या महिन्यात नर्तक किती वेळा दिसला, हेही या क्रमांकांवरून मोजता येते. यालाच विश्लेषण म्हणतात.

डग कटिंग या अमेरिकन गृहस्थांनी १९९९ साली ‘ल्यूसीन’ नावाची अशी आज्ञावली लिहिली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली केली. (ल्यूसीन हे त्यांच्या पत्नीचे मधले नाव!) तिच्या पायावर २०१० साली शाय बॅनन यांनी ‘इलॅस्टिकसर्च’ रचली. २०२१ साली तिच्या कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा ॲमेझॉनने आधीच्या खुल्या प्रतीवरून ‘ओपनसर्च’ उभी केली. एकदा खुली केलेली प्रत अशी परत घेता येत नाही. ती कोणीही वाचावी, बदलावी. मराठीला याची फार गरज आहे. ती का, ते पाहा.

तुम्ही ‘कर्नाळा’ शोधलात, पण वहीत ‘कर्नाळ्यात’, ‘कर्नाळ्याहून’, ‘कर्नाळ्याचे’ असे लिहिलेले आहे. संगणकाला हे चार निरनिराळे शब्द वाटतात आणि तो बेधडक सांगतो, ‘नोंद नाही!’ इंग्रजीत ‘इन’, ‘फ्रॉम’ वेगळे लिहितात. आपले प्रत्यय मात्र शब्दाला चिकटतात आणि शिवाय त्याचे सामान्यरूप करतात. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटणारा हा भाग इथे फार महत्त्वाचा ठरतो.

यावर उपाय म्हणजे सूची करताना आणि शोधतानाही शब्दाचे शेपूट छाटायचे. चारही रूपांचे ‘कर्नाळ’ एवढेच उरले की झाले. उरलेला तुकडा अर्थपूर्ण असलाच पाहिजे असे नाही. डोलामिक आणि साव्हॉय या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मराठीसाठी असे नियम बसवून त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला.

पण कात्री जपून चालवावी लागते. ‘त’ आणि ‘ला’ हे प्रत्यय सरसकट छाटले, तर ‘भात’ आणि ‘भाला’ या दोघांचेही ‘भा’च उरते. मग भाताची माहिती शोधणाऱ्यापुढे भाले येऊन पडतील!

आता तुम्हीच एक नियम करून पाहा. ‘पावसात’वरून ‘पाऊस’ मिळाला पाहिजे. जमला? मग तोच नियम ‘कापसात’ला लावा.