कुत्र्याची कावीळ : निदान व शुश्रूषा

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्रा पाळलेला आहे. तो दोन दिवस जेवला नाहीं व त्याचे डोळे पिवळे दिसूं लागले म्हणजे घरांत एकच धांदल उडते. कोणी काविळीचा उतारा सुचवितो, कोणी झाडपाल्याचा रस नाकांत घालावयास सांगतो, तर कोणी स्वतःच्या तापाची उरलेली गोळी पुढें करतो. सर्वांचा हेतु चांगलाच असतो. परंतु मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, आणि नुसत्या चांगल्या हेतूनें त्याचें रक्षणही होत नाहीं. यास्तव यकृताचे विकार कसे ओळखतात व त्यांत घरच्या माणसांचें काम कोणतें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

खाटकाच्या दुकानीं ज्यास कलेजी म्हणतात तेंच यकृत. पित्त तयार करणें, अन्नांतील साखर सांठवून ठेवणें, रक्त गोठण्यास लागणारीं द्रव्यें बनविणें व विषारी द्रव्यें निरुपद्रवी करणें, अशीं अनेक कामें तें करतें. त्याच्या अंगीं राखीव शक्ति मोठी असते. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम निभावून नेतो. म्हणून रोग बहुधा उशिरा दिसतो. परंतु हीच शक्ति आशेचीही जागा आहे. कारण मूळ कारण वेळेवर दूर झाल्यास यकृत पुष्कळ अंशीं पुन्हा भरून येतें.

सुरुवातीचीं लक्षणें अगदीं साधीं असतात : अन्नावरची वासना उडणें, ओकारी होणें, वजन घटणें, पाणी फार पिणें. पुढें हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग व कानाची आंतली बाजू पिवळी पडते. लघवी गडद होते. कधीं पोटांत पाणी सांठून तें फुगतें. जेवणानंतर कुत्रा गुंगल्यासारखा हिंडूं लागला, भिंतीला डोकें दाबून उभा राहिला किंवा त्यास झटके आले, तर यकृताकडून दूर न झालेल्या अमोनियासारख्या विषांचा परिणाम मेंदूवर होत असल्याचा संशय घ्यावा व त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें.

आतां मुख्य गोष्ट. कावीळ हें रोगाचें नांव नसून रोगाची खूण आहे. रक्तांतील तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटतात, तेव्हां एक पिवळें द्रव्य निघतें. यकृत तें उचलून पित्ताबरोबर आंतड्यांत सोडतें. या मार्गांत तीन ठिकाणीं बिघाड होऊं शकतो. गोचिडांपासून होणाऱ्या बॅबेसियाच्या तापांत तांबड्या पेशीच भराभर फुटतात. दुसऱ्या प्रकारांत यकृत स्वतःच आजारी असतें. तिसऱ्यांत पित्ताची वाट बंद होते. रंग एक, पण उपचार तीन. म्हणूनच कारण न शोधतां दिलेलें औषध हा निव्वळ अंदाज होय.

हें कारण शोधण्यासाठींच वैद्य रक्त तपासतो. एएलटी व एएलपी हीं द्रव्यें वाढलीं असतां यकृतास इजा झाल्याचा संशय येतो. मात्र स्टेरॉइड औषधांनींही कुत्र्याची एएलपी वाढते. यकृत काम किती करीत आहे हें पाहण्यासाठीं जेवणापूर्वीं व जेवणानंतर दोन तासांनीं पित्ताम्लें मोजतात. सोनोग्राफीनें यकृताचा आकार व पित्तमार्ग दिसतो. तरीही उलगडा न झाल्यास यकृताचा बारीक तुकडा काढून तपासतात. बेडलिंग्टन टेरिअर या इंग्लंडांतील जातीच्या कुत्र्यांत यकृतांत तांबें सांचण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. तें तांबें अशा तुकड्यांतच मोजतां येतें. त्या रोगाच्या मुळाशीं असलेला जनुकदोष २००२ सालीं सांपडला.

आपल्याकडे पावसाळ्यांत विशेष भय लेप्टोस्पायरोसिसचें. उंदरांच्या लघवीनें दूषित झालेल्या पाण्यांतून तो कुत्र्यास होतो व यकृताबरोबर मूत्रपिंडेंही बिघडवितो. तो मनुष्यासही होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याची सांथ आली होती. यासाठीं आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हातांनीं पुसूं नये, व लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा शिळी भाकरी कुत्र्यापुढें टाकूं नये. अशा बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नामक विषानें दूषित झालेलें खाद्य खाऊन अमेरिकेंत २००५-०६ च्या हिवाळ्यांत शंभरांहून अधिक कुत्रे दगावले. पॅरासिटामॉलची एक गोळीही लहान कुत्र्यास घातक ठरूं शकते. तसेंच बिनसाखरेच्या च्युइंगगममधील झायलिटॉल.

मग घरच्यांनीं काय करावें? कुत्र्यानें काय खाल्लें, किती वेळां ओकलें, लघवीचा रंग कसा होता, हें तारीखवार एका वहींत लिहावें. हें काम मुलें उत्तम करूं शकतात, आणि वैद्यास त्या वहीचा फार उपयोग होतो. अन्न थोडें थोडें, पण अनेक वेळां द्यावें. मेंदूवर परिणाम झाल्याखेरीज अंडीं, दूध, मांस इत्यादि पौष्टिक अन्न आपल्या मनानें तोडूं नये. यकृत भरून येण्यास तें लागतें. पोटांत पाणी झाल्यास मीठ कमी करावें. तपासण्यांचा खर्च आधींच विचारून घ्यावा. तो विचारण्यांत संकोच नसावा. मोठ्या शहरीं पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने असतात. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय प्रसिद्धच आहे.

कित्येक कुत्रे बरे होतात. कित्येक औषध व पथ्य यांवर वर्षानुवर्षें सुखानें राहतात. कांहींस मात्र वांचवितां येत नाहीं. तशी वेळ आल्यास पालकांनीं मुलांपासून खरें लपवूं नये, व वेदना लांबविण्यापेक्षां त्या थांबविण्याचा विचार वैद्याशीं मोकळेपणानें करावा. त्या मुक्या प्राण्याच्या दुखण्याचे साक्षीदार आपणच असतों. म्हणून आपल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा निरोगी रंग कसा असतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें आजच पाहून ठेवावें. म्हणजे तो बदललेला चटकन ओळखूं येईल.