काशेचेवानमधील पूर आणि शासकीय साहाय्य

काशेचेवान ही कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागातील क्री या आदिवासी समाजाची राखीव वसाहत आहे. कॅनडात अशा मूळ रहिवासी समाजांना ‘फर्स्ट नेशन’ असे संबोधले जाते. जेम्स उपसागराजवळ ऑल्बनी नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या या वसाहतीला जवळजवळ प्रत्येक वसंत ऋतूत पुराचा धोका असतो. २००४ पासून येथील रहिवाशांना बहुतेक वर्षी शासकीय खर्चाने विमानांतून सुरक्षित स्थळी हलवले जाते. तात्पुरते साहाय्य वारंवार मिळूनही कायमचे पुनर्वसन लांबणीवर पडल्यामुळे हे उदाहरण कॅनडातील आपत्ती व्यवस्थापनाच्या चर्चेत नेहमी उल्लेखिले जाते.

पुराची कारणे

ऑल्बनी नदी सुमारे ९८० किमी लांब असून ती नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहत जाऊन जेम्स उपसागरास मिळते. वसंतात तिच्या वरच्या खोऱ्यातील बर्फ आधी वितळते, तर मुखाजवळचे बर्फ त्या वेळी गोठलेलेच असते. वरून आलेले पाणी आणि तुटलेले हिमखंड मुखाजवळ अडकून बांधासारखा अडथळा तयार होतो आणि पाण्याची पातळी अल्पावधीत, कधीकधी काही तासांतच वाढते. त्यामुळे पर्जन्यमानावरून या पुराचा अंदाज बांधता येत नाही. नदीवरील बर्फाचे सतत निरीक्षण करावे लागते. वसाहतीला बाहेरच्या जगाशी जोडणारा बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फावरून तात्पुरता रस्ता केला जातो. परंतु पुराच्या काळात तो वितळलेला असतो आणि बाहेर पडण्यासाठी विमान हाच मार्ग उरतो.

वसाहतीची स्थापना

या भागातील क्री लोकांनी १९०५ मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी ‘करार क्रमांक ९’ केला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नदीच्या दुसऱ्या बाजूच्या फोर्ट ऑल्बनी येथील समाजाचे विभाजन झाले. कॅथलिक कुटुंबे तेथेच राहिली आणि अँग्लिकन कुटुंबे आजच्या जागी आली. ही जागा पुराची असल्याचा इशारा समाजातील वृद्धांनी त्याच वेळी दिला होता, असे रहिवासी सांगतात. क्री भाषेतील ‘कीशेचेवान’ या शब्दाचा अर्थ ‘जेथे पाणी वेगाने वाहते ते ठिकाण’ असा होतो. शासकीय नोंदीत त्याचे ‘काशेचेवान’ झाले आणि या रूपाला क्री भाषेत कोणताही अर्थ नाही.

साहाय्याची चौकट

कॅनडात आपत्ती निवारण ही सामान्यतः प्रांतांची जबाबदारी आहे. १९७० पासून लागू असलेल्या व्यवस्थेनुसार खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास संघराज्य शासन प्रांताला त्यातील वाटा देते. राखीव वसाहतींची स्थिती मात्र वेगळी आहे. १८६७ च्या राज्यघटना अधिनियमानुसार आदिवासी समाज व त्यांच्या राखीव जमिनी हा संघराज्य शासनाचा विषय आहे. म्हणून काशेचेवानमधील स्थलांतर, निवास, भोजन आणि दुरुस्ती यांचा खर्च आदिवासी सेवा विभागाच्या आपत्कालीन साहाय्य कार्यक्रमातून केला जातो. प्रत्यक्ष नियोजनात प्रांतिक शासनाचा सहभाग असतो. टिमिन्स, कापुस्केसिंग, थंडर बे यांसारखी शहरे रहिवाशांना आश्रय देतात.

वसाहतीभोवती १९९० च्या दशकात मातीचा बांध घालण्यात आला. परंतु पुढील अभियांत्रिकी पाहण्यांत तो पुरेसा सुरक्षित नसल्याचे आढळले. २०१४ मध्ये सांडपाणी घरांत उलटून शिरल्यामुळे अनेक घरे निकामी झाली आणि काही कुटुंबांना कापुस्केसिंग येथे दीर्घकाळ राहावे लागले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शहरांत जाणे धोक्याचे ठरले. तेव्हा अनेक कुटुंबे आपल्या पारंपरिक शिकारीच्या भूमीवरील तळांवर गेली आणि शासनाने या व्यवस्थेस साहाय्य केले.

पुनर्वसनाची आश्वासने

ऑक्टोबर २००५ मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळल्याने शेकडो रहिवाशांना हलवावे लागले. पाणी घेण्याची नळी सांडपाण्याच्या तलावाच्या खालच्या अंगाला असल्याचे त्या वेळी उघड झाले. त्यानंतर संघराज्य शासनाने उंच जागी नवी वसाहत बांधण्याचे आश्वासन दिले. पण २००६ च्या सत्तांतरानंतर ते मागे पडले. त्याच वर्षी प्रांताचे माजी मंत्री अ‍ॅलन पोप यांनी आपल्या अहवालात टिमिन्स शहराजवळ स्थलांतराची शिफारस केली. शेकडो किलोमीटर दक्षिणेला, पूर्वजांच्या भूमीपासून दूर जाणे समाजाने मान्य केले नाही. २००७ च्या करारानुसार आहे त्याच जागी सुधारणा करण्याचे ठरले. पुराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२०१७ मध्ये संघराज्य शासन, प्रांतिक शासन आणि काशेचेवान यांच्यात पुनर्वसनाचा आराखडा करार झाला. वसंत २०१९ मध्ये मुलांसह रहिवाशांनी ओटावा येथे संसदेसमोर निदर्शने केली आणि त्यानंतर मे महिन्यात नवा करार झाला. त्यानुसार सुमारे ३० किमी वरच्या अंगाला, समाजाने स्वतः निवडलेल्या उंच जागी नवी वसाहत उभारायची आहे. तेथे घरांइतकीच रस्ता, पाणीपुरवठा, वीज आणि शाळा यांचीही उभारणी आवश्यक आहे. करारानंतरही वसंतातील स्थलांतरे थांबली नाहीत.

लेखापरीक्षण

कॅनडाच्या महालेखापालांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये फर्स्ट नेशन वसाहतींतील आपत्ती व्यवस्थापनावर अहवाल सादर केला. आदिवासी सेवा विभागाने पूर्वतयारी व प्रतिबंधापेक्षा आपत्तीनंतरच्या मदतीवर सुमारे साडेतीनपट अधिक खर्च केल्याचे त्यात नमूद आहे. वसाहतींनी सुचवलेले आणि विभागाने पात्र ठरवलेले ११२ पायाभूत प्रकल्प निधीअभावी प्रलंबित होते. बांध, नाले यांसारख्या या कामांमुळे आपत्तीची हानी कमी होऊ शकते. २०१३ मधील लेखापरीक्षणातही अशाच त्रुटी दाखवण्यात आल्या होत्या. काशेचेवानमध्ये हे असंतुलन ठळकपणे दिसते: विमाने व निवासाचा खर्च आपत्कालीन निधीतून त्या त्या वर्षी मंजूर होतो, तर नव्या वसाहतीसाठी अनेक वर्षे टिकणारी आर्थिक तरतूद आणि दोन शासनांची सहमती लागते.