रुमालाखालचा सौदा

मला घासाघीस जमत नाही. मेथीवाली जुडीचे वीस रुपये म्हणाली की माझा हात मुकाट्याने खिशात जातो. घरी आल्यावर सौभाग्यवती ती जुडी उलटीपालटी करून पाहतात, काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणेच मला पुरते. अशा माणसाने पावणेदोन लाखांच्या वस्तूचा भाव ठरवायला निघावे, ही मुळातच मौज आहे. पण यंदा गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे 30 मार्च 2025 ला, मी निघालो खरा. वस्तू होती ट्रॅक्टरची ट्रॉली.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात. शेती धाकटा भाऊ पाहतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुट्टीत गावी जाऊन त्याला नको ते सल्ले देतो. जुनी ट्रॉली तळातून गंजली होती. गेल्या हंगामात सोयाबीन वाटेने गळत गेले, आणि आमच्या मागून येणाऱ्या कोंबड्यांची चंगळ झाली. तेव्हा नवी घ्यायची हे ठरले. पैसे निम्मे त्याच्या सोयाबीनचे, निम्मे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले. पैसे माझेही असल्यामुळे निवडीत मला एक मत मिळाले. एक भावाचे आणि एक आबांचे.

आणि तिघांची तीन मते होती.

भावाला हवा होता जाड पत्रा, मागे उलटणारा हायड्रॉलिक जॅक आणि चार चाके. आबांना हवी होती वारीची गाडी. आमच्या गावची दिंडी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. वीस-बावीस दिवसांची वाट. चालणारे चालतात, पण त्यांची भांडी, शिधा, पाण्याची टाकी, राहुट्या, ताडपत्री हे सारे बरोबर न्यावे लागते. त्यासाठी दरवर्षी कोणाची तरी ट्रॉली मागून आणायची. आपल्या घरची असावी, तिला वरून कमानी असाव्यात, कमानींवर ताडपत्री ताणली की खाली शिधा कोरडा राहावा, ही आबांची पाच-सहा वर्षांची इच्छा. आबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, अजून चालतात. 'पुढच्या वर्षी पाहू' हे त्यांना आम्ही किती वेळा ऐकवले, ते मोजायला नको.

माझे मत शेवटी सांगतो. ते क्षुल्लक होते असे दोघांनाही वाटत होते.

आजोबांच्या काळी आमच्याकडे दमणी होती. दमणी म्हणजे माणसे नेण्याची हलकी, झाकलेली बैलगाडी. आई माहेरी गेली ती दमणीतून, आणि देऊळगावराजाला बालाजीच्या यात्रेला घरची मंडळी निघत तीही दमणीतूनच. तिच्यावर बांबूचा तट्ट्या, आत गवतावर अंथरलेली गोधडी आणि बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. मी जाणता झालो तोवर ती गोठ्याच्या कडेला उभी राहिली होती आणि तिच्यात मांजर विणे. पण ती बनवून घेतल्याची हकीकत आबांना तोंडपाठ आहे. सुतार म्हणाला, चाक बाभळीचे, साटी सागाची. आजोबा म्हणाले, सगळेच बाभळीचे कर, पैसे कमी पडतात. आजी म्हणाली, घुंगरू नसतील तर मी बसणार नाही. महिनाभर हा वाद चालला. मग एक दिवस गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल केली, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवली, वरून घागरी ओतल्या, आणि लोखंड आकसून चाकाला असे आवळले की आरे करकरले. आबा हे सांगताना हाताने ती धाव आवळून दाखवतात. सागाची साटी झाली की बाभळीची, हे मात्र त्यांना कधी नेमके आठवत नाही. घुंगरू होते, एवढे नक्की.

तर आम्ही तिघे खामगावच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे मोठी टिनाची शेड, बाहेर रांगेने उभ्या लाल-निळ्या ट्रॉल्या, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. मालक पस्तिशीचा, उमदा गडी. त्याचे वृद्ध वडील शेडच्या दाराशी बाजेवर बसून सुपारी कातरीत होते. मालकाने चहा मागवला. व्यवहारात चहा ज्याने पाजला त्याचे पारडे जड, हे मला त्या दिवशी कळले. माझा तर पहिल्या घोटातच निम्मा विरोध मावळला.

मग निवडीला सुरुवात झाली. चार चाकांची की दोन? चार चाकांची ट्रॉली आपल्या पायांवर उभी राहते, माल जास्त नेते. पण ती मागे घेताना भल्याभल्यांचे हात भरून येतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे चिखलात चाकांना पकड मिळते. मात्र भार मागेपुढे चुकीचा भरला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, किंवा हुकच वर ओढला जातो. आमची जमीन काळी, पावसाळ्यात पाय रुतणारी. भावाने सुस्कारा सोडून दोन चाके पत्करली. तळाला पत्रा पाच मिलिमीटरचा, बाजूंना तीनचा. टायर नवे की रिमोल्ड? नवे घेतले तर चौदा हजार वर. जॅक कोणत्या बनावटीचा? मागचा फाळका एका बाजूने उघडणारा की खाली पडणारा? कमानी काढघालीच्या की पक्क्या? आबा म्हणाले, काढघालीच्या; वारी झाली की सोयाबीन भरायचे आहे. त्यांनी सारा विचार आधीच करून ठेवला होता.

आकडा आला : एक लाख पंच्याऐंशी हजार.

भाऊ म्हणाला, "एक चाळीस."

मालक हसला. "भाऊ, लोखंडाचा भाव पाह्यला का तुमी? तेरा क्विंटल माल हाय ह्यात. एक चाळीसात तं माह्या घरचं मीठ जाते."

या वेळी मी माझे मत मांडले. मी म्हणालो, मागे दोन लाल दिवे हवेत, ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर पेटणारे, आणि मागेपुढे, बाजूंना परावर्तक पट्ट्या. शिवाय हुकाची पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी.

मालकाने माझ्याकडे कणवेने पाहिले. "सर, तुमाले खरं सांगू का? दिवे कोनी लावतच नाही. दोन महिन्यांत उंदरं वायर खातात. लावाचेच असन तं साडेसहा हजार वेगळे."

"दादा, साडेसहा हजारांत तळाचा पत्रा एक नंबर वाढते," भाऊ हळूच म्हणाला.

त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी गप्प बसलो. मला जे सांगायचे होते ते चहा पिता पिता सांगण्याजोगे नव्हते. माझ्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. खेड्यावरून मोटारसायकलीने येई, मागच्या बाकावर बसे, आणि परीक्षेत निबंध मात्र असा लिही की मी तो सौभाग्यवतींना वाचून दाखवावा. 2019 च्या डिसेंबरात एका संध्याकाळी तो ग्रंथालयाचे पुस्तक परत करून निघाला. रस्त्यात पंक्चर झालेली कापसाची ट्रॉली उभी होती. कापूस भरलेली ट्रॉली रस्त्यापेक्षा रुंद वाटते, पण अंधारात ती दिसत नाही; तिच्या मागे दिवा नव्हता, पट्टी नव्हती, मागे एक दगडसुद्धा ठेवलेला नव्हता. त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी मला पाणी दिले आणि विचारले, "सर, त्याचं पुस्तक जमा झालं ना?" ट्रॉलीवाला शेतकरीही आमच्यासारखाच. त्याला दोष देताना माझी जीभ अडते. कायद्याने मागचे दिवे आणि परावर्तक लागतात. हे त्यालाही माहीत होते आणि आम्हालाही. आमच्या जुन्या ट्रॉलीवर तरी कोठे होते?

हे मी घरी एकदाच बोललो होतो, सौभाग्यवतींजवळ. आबा तेव्हा ओसरीवर माळ ओढीत बसले होते.

असो. इकडे भाऊ उठला आणि म्हणाला, "उभी आहे त्यातली एक काट्यावर नेऊ." मालकाला नाही म्हणता येईना. शेजारच्या वजनकाट्यावर तशीच एक ट्रॉली ओढून नेली. काटा म्हणाला, अकरा क्विंटल ऐंशी किलो.

"जॅक लावला नाही तिले," मालक म्हणाला.

"जॅक सव्वा क्विंटलचा असतो काय?" भाऊ म्हणाला.

यावर मालक मोकळेपणाने हसला, आणि एक लाख पंच्याहत्तरवर आला. भाऊ पंचेचाळीसवर गेला. मालक बहात्तर. भाऊ अठ्ठेचाळीस. मग दोघेही थांबले. शेडमध्ये वेल्डिंगचा चर्र आवाज तेवढा येत राहिला. भाऊ निघण्याची तयारी दाखवू लागला, मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहू लागला. नाटकातला हा प्रवेश मी अनेकदा पाहिला आहे, पण आज नट निघून जातात की काय असे वाटले.

तेव्हा आबा उठले. सरळ बाजेवरच्या वृद्धाजवळ गेले, शेजारी बसले, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

वाचकांपैकी ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला असेल त्यांना ही रीत ठाऊक असेल. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटे धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते आधी बोलून घ्यायचे. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. विकणारा पुढच्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगायला मोकळा, आणि ज्याने माघार घेतली त्याची शोभा होत नाही. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना तर बोलूनही न कळू देण्याची विद्या अवगत होती. नंदभाषेत एकाला केवली, दोनाला अवारू, तीनाला उधानू म्हणत. वर्गात मी हे शब्द फळ्यावर लिहितो आणि मुले हसतात. वर्षानुवर्षे शिकवलेली गोष्ट डोळ्यांपुढे घडताना मात्र मी प्रथमच पाहत होतो, आणि पाहण्यासारखे काहीच दिसत नव्हते. रुमाल जरा हाले, जरा थांबे.

"दीडाच्या वर," आबा म्हणाले.

"दीडाच्या वरच," म्हातारा म्हणाला. तो पूर्वी बैलांची दलाली करी, हे मागाहून कळले. आबांनी ते सुपारी कातरण्याच्या हातावरून ओळखले की आणखी कशावरून, देव जाणे.

रुमाल हालला. म्हाताऱ्याने मान हलवली. पुन्हा हालला. आबांनी डोळे मिटले. मिनिटभराने दोघांनी हात काढले आणि म्हातारा मुलाकडे वळून म्हणाला, "दोन पंजे आन् दोन. टायर नवे दे."

एक लाख बासष्ट हजार.

"आन् कमानी?" मालकाने विचारले.

"त्यातच."

"दिव्याचे साडेसहा?"

आबा रुमाल डोक्याला गुंडाळीत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दिवे त्यातच धरले. साखळीबी."

मी काही बोललो नाही. भाऊही नाही.

शेवटचा एक मुद्दा राहिला होता. मालकाने हळूच सुचवले की कच्चे बिल घेतले तर कराचे पैसे वाचतील. येथे मात्र मी, जुडीचे वीस रुपये मुकाट्याने देणारा, ताठ बसलो. पक्के बिल नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर विमा नाही. एमएच 28 ची पाटी लागल्याशिवाय ही ट्रॉली पंढरपूरच्या रस्त्याला लागणार नाही, असे मी सांगितले. पक्के बिल झाले. त्याची शिक्षा मला सप्टेंबरात मिळाली. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा आणि असल्या उलटणाऱ्या शेतीच्या ट्रॉलीवरचा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला, आणि त्याच सकाळी भावाचा फोन आला, "दादा, दहा हजार गेले." जणू काही कर मीच उतरवला होता.

अक्षय्य तृतीयेला ट्रॉली घरी आली. आईने चाकांना कुंकू लावले, नारळ फोडला. रंगाऱ्याने मागच्या फाळक्यावर विठ्ठल काढला होता. पण परावर्तक पट्टी नेमकी त्याच्या कमरेवरून गेली, त्यावर भावाची आणि रंगाऱ्याची थोडी बाचाबाची झाली. शेवटी पट्टी दोन बोटे खाली घेतली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिंडी निघाली. ट्रॉलीत माणसे बसवून नेणे कायद्याने चालत नाही, आणि ते आबांना मी दहा वेळा बजावले होते. पण बजावण्याची गरज नव्हती. "बसून जायाचं असतं तं एस.टी. काय वाईट?" ते म्हणाले. पहाटे चारला निघाले तेव्हा काळोख होता आणि पाऊस भुरभुरत होता. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात आबा, आणि सगळ्यांच्या मागे आमची ट्रॉली, कमानींवर ताडपत्री ताणलेली, आत पाण्याची टाकी डुचमळत. गावाबाहेरच्या चढावर भावाने ब्रेक दाबला तेव्हा दोन्ही दिवे पेटले. वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी आणि आई फाट्यावर उभे होतो.

आबा आषाढी करून सुखरूप परतले. पायाला दोन फोड आले, वजन चार किलोंनी उतरले. पुढल्या वर्षी टाकीला तोटी खालच्या अंगाने हवी, असे त्यांनी येताक्षणी सांगितले. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीनची दैना केली. जे हाती लागले ते याच ट्रॉलीतून बाजारात गेले, आणि वाटेत दाणा गळला नाही. परवा फोनवर सहज विचारले तेव्हा भाऊ म्हणाला की डावा दिवा बंद आहे. उंदराने वायर खाल्ली. मालक म्हणाला होता दोन महिने. पाच महिने टिकली. दिवाळीला येताना नवी वायर आणि एक लोखंडी नळी घेऊन ये, असे त्याने मला बजावले आहे. नळीचा भाव काय असतो ते दुकानात विचारून आलो. दुकानदाराने सांगितला तोच देणार आहे.