फॉर्म्युला फोर्ड : गॅरेजमध्ये ठरणारी शर्यत

मोटार-शर्यतींचे तंत्र : लेखांक ७

हौशी चालकांसाठी निघालेल्या एकआसनी मोटारींच्या श्रेणींपैकी फॉर्म्युला फोर्डइतकी दीर्घायुषी श्रेणी विरळाच. तिची पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे झाली आणि रे ॲलन याने ती जिंकली. चालक घडवणाऱ्या शाळांना खऱ्या रेसिंग इंजिनांचा खर्च त्या काळी झेपेनासा झाला होता. म्हणून रस्त्यावरच्या फोर्ड गाडीचे साधे इंजिन शर्यतीच्या चौकटीत बसवून पाहिले गेले. ते टिकले आणि त्यातूनच नियमावली उभी राहिली. पूर्ण गाडी हजार पौंडांच्या आत मिळावी, अशी तेव्हाची अट होती. ती किंमत केव्हाच इतिहासजमा झाली, पण स्वस्त आणि सारख्या गाड्या हे सूत्र कायम राहिले. एमर्सन फिटिपाल्डी, जेम्स हंट, नायजेल मॅन्सेल, आयर्टन सेना हे सगळे याच वाटेने पुढे गेले. तरी ही श्रेणी तगली ती त्यांच्यामुळे नव्हे. आठवडाभर नोकरी-धंदा करून शनिवार-रविवारी ट्रेलरवर गाडी लादून येणाऱ्या हौशी मंडळींनी ती तगवली.

गाडीची रचना वरवर पाहता साधी आहे. पोलादी नळ्या जोडून केलेली चौकट, त्यावर फायबरग्लासचे हलके कवच, चालकाच्या पाठीमागे १,५९९ सीसीचे ‘केंट’ इंजिन, त्यावर वेबरचा कार्बोरेटर आणि त्यामागे चार गिअरचा ह्यूलंड गिअरबॉक्स. ताकद सुमारे ११० अश्वशक्ती आणि चालकासह वजन पाचशे किलोच्या आसपास. पंख लावायला बंदी, गुळगुळीत स्लिक टायरलाही बंदी. हवेच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटवून ठेवणारे काहीच नसल्यामुळे सगळी पकड चार अरुंद टायरांतून आणि सस्पेन्शनच्या जुळणीतून काढावी लागते. इंजिनात फेरफार करायला जागा फारच थोडी. त्यामुळे पैसे ओतून अश्वशक्ती विकत घेता येत नाही, निदान फारशी नाही. उरतो तो चालकाचा हात आणि गॅरेजमधली मेहनत. एका हौशी शर्यतीची लांबी बहुधा पंधरा ते वीस मिनिटे असते. गाडीत काही बिघडले तर थांबून दुरुस्त करण्याएवढी सवड त्यात नसते.

तयारीचा पहिला टप्पा म्हणजे प्रत्येक नट-बोल्ट तपासणे. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते टाळले जाते. दर शर्यतीनंतर कवच उतरवून चौकट पुसली जाते, कारण धूळ-तेलाच्या थराखाली वेल्डिंगमधली बारीक चीर दिसत नाही. चाकांना चौकटीशी जोडणाऱ्या दांड्यांच्या (विशबोन) टोकांना असलेले फिरते सांधे (रोझ जॉइंट) हाताने हलवून त्यांत ढिलाई आली आहे का ते पाहतात. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बिअरिंग तपासतात. ठरलेल्या ताकदीने आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून खालच्या भागापर्यंत, रंगाची एक बारीक रेघ ओढायची पद्धत आहे. बोल्ट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटते आणि पुढच्या खेपेस नुसत्या नजरेने ते कळते. चौथ्या फेरीत गळून पडलेला एक्झॉस्ट किंवा सुटलेली गिअरची सळई यामुळे सोडाव्या लागलेल्या शर्यती, इंजिन फुटून सुटलेल्या शर्यतींहून कितीतरी जास्त असतात.

दुसरा टप्पा आसनाचा. बाजारात मिळणारी सीट या गाडीत बसतच नाही. चालक गाडीत बसतो, त्याच्या पाठीमागे आणि कमरेखाली जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवतात आणि तिच्यात दोन द्रव मिसळून ओततात. मिश्रण फेसाळून फुगते आणि काही मिनिटांत चालकाच्या पाठीचा हुबेहूब साचा घट्ट होतो. तोवर त्याने हात सुकाणूवर, पाय पेडलवर ठेवून अजिबात हलायचे नसते. मिश्रण चांगलेच तापते, हे नवख्याला बसल्यावरच कळते. साचा नीट बसला तर वळणावर शरीर तोलून धरायला हातांची ताकद खर्च होत नाही आणि सुकाणूतून येणारी बारीक थरथर जाणवते. सहा टोकांच्या पट्ट्याने चालकाला आवळून बांधतात. आधी कमरेचे पट्टे, मग खांद्यांवरचे. हेल्मेटला जोडलेले मान वाचवणारे साधन खांद्यांवरच्या पट्ट्यांखाली येते.

यानंतरच्या कामात हौशी आणि सराईत यांतला फरक उघडा पडतो. ते काम म्हणजे चारही चाकांवरच्या भाराची जुळणी. सपाट फरशीवर चार वजनकाटे ठेवून त्यांवर गाडी उभी करतात. टायरमध्ये शर्यतीएवढी हवा, टाकीत अर्ध्या शर्यतीचे पेट्रोल आणि आसनात स्वतः चालक, अशा स्थितीतच आकडे घ्यायचे असतात. समजा, पुढच्या डाव्या चाकावर ११० किलो भरले, पुढच्या उजव्यावर ९०, मागच्या डाव्यावर १४० आणि मागच्या उजव्यावर १६०. डाव्या बाजूची बेरीज २५०, उजव्या बाजूचीही २५०, म्हणजे वरवर सारे ठीक. पण कोपऱ्यातून कोपऱ्यात बेरीज केली की एका तिरक्या जोडीवर २७० आणि दुसरीवर २३० किलो येतात. गाडी एका पायाने अधांतरी असलेल्या चौरंगासारखी डुगडुगते, फक्त स्प्रिंगांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. अशा गाडीला जोराने ब्रेक लावला की कमी भाराचे पुढचे उजवे चाक आधी अडकते. शिवाय उजव्या वळणावर ती नाक बाहेर फेकते, तर डाव्या वळणावर तिचे शेपूट सुटू पाहते. चालकाला वाटते आपलेच काहीतरी चुकते आहे.

उपाय पान्याचा आहे. प्रत्येक स्प्रिंगखाली फिरवता येणारी कडी असते. ती वर फिरवली की त्या चाकावरचा आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो, उरलेल्या दोन चाकांवरचा कमी होतो. एकाच कोपऱ्यात जोर काढला तर गाडीची उंची बिघडते. म्हणून चारही ठिकाणी थोडे थोडे फिरवून, दर वेळी गाडी हलवून सस्पेन्शन मोकळे करून, पुन्हा काटे वाचायचे. वरच्या उदाहरणात शेवटी पुढे १००-१०० आणि मागे १५०-१५० आले पाहिजेत. कड्या फिरवून पुढच्या-मागच्या किंवा डाव्या-उजव्या बाजूच्या बेरजा बदलत नाहीत. त्या बदलायच्या तर बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते. हे काम घाईने होत नाही आणि करताना आडव्या स्थिरता-दांड्यांचे जोड सोडून ठेवायला विसरले तर सगळे आकडे फसवे निघतात.

चाकांची दिशा जुळवायला महागडी यंत्रे लागत नाहीत. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेला समांतर असे दोन दोरे ताणतात आणि चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोऱ्याचे अंतर पोलादी पट्टीने मोजतात. जागतिक स्पर्धांत धावणाऱ्या संघांनीही ही युक्ती वर्षानुवर्षे वापरली आहे.

गिअरची निवड मात्र खास या श्रेणीची करमणूक आहे. ह्यूलंडच्या जुन्या गिअरबॉक्सचे कवच फोक्सवॅगन बीटलचे होते. मागचे झाकण काढले की गिअरबॉक्स गाडीतून न उतरवता दातेरी चक्रांच्या जोड्या बदलता येतात. त्यामुळे प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळी जुळणी करणे शक्य होते. ब्रँड्स हॅचच्या आखूड, १.९४ किलोमीटरच्या ‘इंडी’ ट्रॅकचे उदाहरण घेता येईल. पहिला गिअर केवळ सुटताना लागतो, म्हणजे कामाचे गिअर तीनच. दुसरा ड्रुइड्स या केसपिनेसारख्या वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरणार नाही असा हवा. चौथा, सरळ रस्त्याच्या टोकाला इंजिन कमाल फेऱ्यांच्या जरा अलीकडे राहील असा निवडतात. ‘जरा अलीकडे’ का? पुढच्या गाडीच्या पाठीशी लागले की हवेचा अडथळा घटतो आणि वेग वाढतो. एकट्याने धावताना चौथा गिअर अगदी काठोकाठ जुळवला असेल, तर नेमके ओलांडून जायच्या क्षणी इंजिन फेऱ्यांच्या मर्यादेला टेकते. वेळ नोंदवण्यासाठी सर्वोत्तम आणि शर्यत करण्यासाठी सर्वोत्तम या दोन जुळण्या वेगळ्या असतात. नवखे चालक बहुधा पहिलीच्या मागे लागतात.

चालकाची तयारी कागदावरही होते. ब्रिटनमध्ये ‘मोटरस्पोर्ट यूके’ ही संस्था परवाना देते. त्यासाठी ट्रॅकवर चाचणी आणि लेखी परीक्षा असते. लेखी परीक्षेत झेंड्यांचे प्रश्न एकही न चुकता सोडवावे लागतात. पिवळ्या झेंड्याखाली पुढे जायचे नाही, लाल दिसला की वेग कमी करून परतायचे, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. नवख्या चालकाच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावणे बंधनकारक असते. आपल्याकडच्या ‘एल’ पाटीचाच हा भाऊ.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तांत्रिक तपासणी होते. बाहेरून वीज तोडण्याचा खटका निळ्या त्रिकोणातल्या लाल ठिणगीच्या खुणेने, आणि आग विझवण्याची दोरी लाल ‘ई’ अक्षराने दाखवलेली आहे ना, मागचा लाल दिवा लागतो ना, ॲक्सिलरेटर सोडल्यावर परत येतो ना, डोक्यावरची संरक्षक कमान हेल्मेटपेक्षा पुरेशी उंच आहे ना, हे सारे पाहिले जाते. मग पात्रता फेरी, बहुधा पंधरा मिनिटांची. निदान तीन फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय शर्यतीत उभे राहता येत नाही. म्हणून शहाणा चालक आधी तीन फेऱ्या पदरात पाडून घेतो. टायर तापायला एक-दोन फेऱ्या जातात आणि पुढे गर्दीतून मोकळी जागा शोधणे हीच खरी कसोटी असते. परतल्या परतल्या टायरचा दाब मोजतात. थंड असताना भरलेले सोळा ते वीस पीएसआय किती चढले, चारही टायर सारखे तापले का, हे गाडी थंड व्हायच्या आत वहीत उतरवले नाही तर त्या फेरीची निम्मी माहिती वाया जाते.

सुरुवात दोन-दोनच्या रांगांतून, लाल दिवे विझताच होते. गिअर बदलताना मदत करणारी सिंक्रोमेशची सोय या गिअरबॉक्समध्ये नाही. दांडा ठामपणे आणि झटकन ढकलावा लागतो, हळुवारपणा केला तर दाते झिजतात. इंडी ट्रॅकवर एक फेरी साधारण पन्नास सेकंदांची, म्हणजे पंधरा मिनिटांत अठरा-एक फेऱ्या. सहा वळणांपैकी चार उजवीकडची. पहिले वळण पॅडॉक हिल. त्याचा शेवट चढावाआड लपलेला आणि पुढे एकदम उतार. तिथून चढावर ड्रुइड्सकडे जाताना ब्रेक उशिरा लावता येतो, कारण चढच गाडी रोखायला मदत करतो. बहुतेक ओलांडण्या तिथेच होतात. पंख नसल्यामुळे पुढच्या गाडीच्या अगदी मागे राहूनही वळणात पकड फारशी कमी होत नाही. परिणामी पाच-सहा गाड्यांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत एकत्र धावतो. प्रेक्षकांना दुसरे काय हवे असते!

धोका मात्र उघड्या चाकांचा. पुढे धावणाऱ्या चाकाची मागची कड वर जात असते आणि मागून येणाऱ्या चाकाची पुढची कड खाली येत असते. दोन्ही टेकल्या की मागची गाडी पुढच्या चाकावर चढते आणि हवेत उडते. म्हणून शेजारी नाक घालताना चाकांच्या मध्ये चाक न येऊ देणे हा अलिखित नियम. वळणाच्या तोंडाशी नाक निदान समोरच्या चालकाच्या खांद्यापर्यंत पोचले नसेल, तर जागा मागायची नाही.

शर्यत संपल्यावर गाड्या बंदिस्त आवारात उभ्या राहतात. अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. पहिल्या काही गाड्या चालकासह वजनकाट्यावर चढतात. किमान वजनापेक्षा कमी भरली तर निकाल रद्द. पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत मोजून भरण्याची हौस इथे महागात पडते.

या श्रेणीचे भारताशीही नाते आहे. भारतीय चालक नरेन कार्तिकेयन याने १९९४ साली ब्रिटनमधील फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका जिंकली. युरोपात मोटार-शर्यतींचे अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याआधी तो भारतात फॉर्म्युला मारुती चालवत होता. मारुती ८०० चे इंजिन लावलेली ही गाडी कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी घडवली होती. त्यांच्याच नावाचा करी मोटर स्पीडवे कोइमतूरजवळ आहे. आज आपल्याकडे याच पठडीतली श्रेणी म्हणजे एलजीबी फॉर्म्युला ४, तिच्यात मारुतीचे १.३ लिटरचे इंजिन असते. शर्यती मुख्यतः कोइमतूर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होतात आणि परवाना एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था देते.