मेदाची संप्रेरके आणि इन्सुलिन-प्रतिरोध

मेद म्हणजे निव्वळ साठा, ही समजूत १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यापासून मागे पडली. मेदपेशीच स्रवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन यकृत व स्नायूंची इन्सुलिनविषयीची संवेदनशीलता टिकवते. उदरातील मेद वाढला की नेमके तेच घटते. उलट टीएनएफ-अल्फासारखी दाहजनक द्रव्ये वाढून इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या दूष्यांत मेद प्रथम गणला आहे, हे वैद्यबंधूंस आठवेलच. मात्र दोन्ही वर्णने एकच, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडील कित्येक रुग्ण हातापायांनी कृश, पण पोट सुटलेले असतात. वजनकाटा तेथे फसवतो. कंबर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सें.मी.हून अधिक भरल्यास रक्तशर्करा तपासावी. औषधालयचालकांनीही अशा ग्राहकास नुसता मेदोहर गुग्गुळ देऊन परत पाठवू नये.