नदीला पाणी, वाडीला टँकर

मे महिन्यातही कर्जतच्या पेज नदीला पाणी असतं. पोरं डुंबतात, काठचे मळे हिरवे असतात. त्याच तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांत मात्र बाया विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं हंडा भरतात. असं का?

नदीचं हे उन्हाळी पाणी घाटावरचं आहे. ठोकरवाडी धरणातून ते डोंगर उतरतं, भिवपुरीच्या 1922 च्या वीजकेंद्रात चाकं फिरवतं आणि नदीत सुटतं. खालापुरात पाताळगंगेचंही तसंच. खोपोलीचं केंद्र 1915 चं. वाडीला मात्र आपल्याच पावसावर भागवावं लागतं. वीतभर माती, खाली काळा कातळ. पालथ्या परातीवर ओतल्यासारखा पाऊस ओघळून जातो.

मग नदीचं पाणी नळानं वर न्यावं? आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राचे विद्यार्थी कर्जतच्या गावांत याच प्रश्नावर काम करत आले आहेत. खरी अडचण पाइपाच्या जाडीची. बारीक पाइप स्वस्त, पण पाणी त्यात घासत जातं, जोर ओसरतो आणि शेवटच्या नळाला थेंब ठिबकतो. जाड पाइप घातला तर पैसे पुरत नाहीत. कुठल्या तुकड्याला किती जाडी, हे अंदाजानं ठरवणं म्हणजे शेवटच्या वाडीवर अन्याय. आयआयटीतच घडलेली ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली सगळ्या नळांना दाब मिळेल अशी सर्वांत स्वस्त जुळणी काढून देते.

तुमच्या गावात नळयोजना येत असेल, तर ग्रामसभेत एवढं जरूर विचारा: शेवटच्या नळाला दाब किती धरलाय?