चाचणी मुलाच्या भाषेत हवी

मराठी बोलतो तशीच लिहितो, तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, हे इंग्रजीचंच दुखणं, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो अर्धाच खरा आहे. 2001 साली ‘सायन्स’मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांचा अभ्यास आला. इटालियन लिपी उच्चाराबरहुकूम चालते, म्हणून इटालियन मंडळी बरीच अचूक वाचत होती. पण वाचताना मेंदूच्या डाव्या भागातली क्रिया तिन्ही गटांत सारखीच कमी भरली. म्हणजे सोपी लिपी अडचण झाकते, मिटवत नाही. मूळ अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि क्षणभर स्मरणात धरून ठेवण्यात असते. बुद्धी कमी आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळ नाही. ‘स्थिती’ शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात मात्र ‘स्’ आणि ‘थ्’ नंतर येते.

नागपूरच्या मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी पडते. तीन भाषांमुळेच मूल गोंधळतं, हा आक्षेप मला पटत नाही. बहुभाषकता डिस्लेक्सिया निर्माण करत नाही. पण फक्त इंग्रजीत तपासलं, तर सरावाचा अभाव आणि खरी अडचण यांची गल्लत होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचाही, समावेश आहे. पालकांनो, मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या भाषेतली तपासणी मागा.